नसलेल्या विमानाची वेळ

मी दुक्मला. तू खसबला.
दोन्ही नावं चौकटींत भरली की फोन सांगतो:
सातशे पंचावन्न किलोमीटर,
उड्डाणाची वेळ एक तास सव्वीस मिनिटं.
हे विमान उडत नाही,
असं खाली बारीक अक्षरांतसुद्धा लिहिलेलं नसतं.

नुसती एक निळी कमान उमटते नकाशावर.
आमच्या ड्रायडॉकच्या क्रेनपासून निघते,
वाळवंट, तेलाच्या विहिरी, दुसऱ्याच देशाचा एक तुकडा,
कुणाला व्हिसा न दाखवता ओलांडते
आणि तुझ्या हॉस्पिटलपाशी अलगद टेकते.

खरी वाट म्हणजे
आधी मस्कत. मग रुवीत मोफिझुलच्या चुलतभावाच्या खोलीत
दोन पलंगांच्या मधल्या फरशीवर रात्र.
पहाटे पुन्हा विमानतळ.
पुढं वारा काय म्हणेल ते.

तुझ्या आईनं मिरजेहून दिलेली लसणाची चटणी
माझ्याच बॅगेत राहिली होती, आठवतं?
टँकरवाल्या दोस्तेननं ती हैमापर्यंत नेली,
तिथल्या पंपावर एका मासळीच्या ट्रककडे सोपवली,
शिनासहून ती बोटीत चढली.
नवव्या दिवशी तुला मिळाली,
झाकणाभोवती तेल पाझरलेलं.
तू म्हणालीस, "कुणीतरी चाखलीय."
मी म्हणालो, "भाडं समज."

मार्चमध्ये मी निघालो.
अकरा महिन्यांनी. तीन दिवसांची रजा,
त्यातले दोन जाण्यायेण्याचे.
खिडकीची जागा मागून घेतली.
डोंगर इतके जवळ आले
की त्यांच्या अंगावरच्या बकऱ्या मोजता आल्या असत्या.
मग किल्ला, मग बंदरात इराणी होड्यांची दाटी,
मग पांढरं हॉस्पिटल, गच्चीवर पाण्याच्या टाक्या,
आणि टाक्यांजवळ निळ्या कपड्यांतलं कुणीतरी.
ती तूच, असं मी ठरवून टाकलं.

तेवढ्यात विमान आडवं थरथरलं.
इंजिन ओरडलं, नाक वर झालं,
शेजारचे म्हातारे शेख पुटपुटू लागले.
आणखी एक फेरी मारली. तीही तशीच.
मग कॅप्टनचा शांत आवाज: वारा. परत मस्कत.

काउंटरवरच्या शम्साबाई खरंच हळहळल्या.
उद्याचं तिकीट देते म्हणाल्या, पैसे न घेता.
उद्या माझी रजा संपत होती, अश्लेषा.
मी त्यांना शुक्रन म्हणालो
आणि उगाच बॅगेची चेन उघडून लावली.

त्या दुपारी तुझ्यामाझ्यात फार तर नऊशे फूट होते.
अकरा महिन्यांतलं सर्वांत कमी.
हे मात्र फोनला विचारून कळत नाही.

रात्री तू म्हणालीस, "मी बघितलं. गच्चीवरच होते.
चाकं बाहेर आली होती."
"हो."
"मग आत गेली."
बराच वेळ आपण दोघं
त्या चाकांबद्दलच बोललो.

आता गुरुवारी रात्री आपण ते नसलेलं विमान पकडतो.
नऊ दहाला. फोन स्पीकरवर.
तू विचारतेस, "पट्टा?"
मी म्हणतो, "बांधला."
तू गणवेशाला इस्त्री करतेस,
मी नखांतलं वेल्डिंगचं काळं काढत बसतो,
मोफिझुल कूस बदलून भिंतीकडे तोंड करतो.
हैमा गेलं, मी सांगतो. आता खाली काहीच नाही, नुसती वाळू.
तू हसतेस. सलग चार दिवस रात्रपाळी झालेली असते तुझी.
डोंगर लागायच्या आत
तुझा श्वास जड होतो, इस्त्री केव्हाच बंद झालेली असते.

मी फोन ठेवत नाही.
दहा छत्तीसला हळूच म्हणतो, "उतरलो."
बहुतेक वेळा उत्तर येत नाही.
एकदा झोपेतच तू विचारलंस,
"चाकं?"